जुना कीबोर्ड घेताय? त्याची किंमत ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कोणीतरी लिस्टिंगवर टाकलेला आकडा बघून "याचा रेट एवढा चाललाय" असं धरून चालणं. मागायला काय, कोणीही काहीही मागतं, तो कीबोर्ड वर्षभर तिथेच पडून असतो. बघायचेच असतील तर विकले गेलेले आकडे बघा, आणि त्यातूनही कळतो तो बाजारभाव, तुम्हाला त्या वस्तूचं किती मोल आहे ते नाही कळत.

मी काय करतो सांगतो. आधी ठरवतो की मला यातलं नक्की काय हवंय. समजा आयबीएमचा मॉडेल एम आहे, 1980 च्या दशकातला, बकलिंग स्प्रिंगवाला, म्हणजे की दाबली की आतली स्प्रिंग वाकते आणि तो टणक टक् आवाज येतो. तुम्हाला फक्त तो फील हवा असेल तर युनिकॉम्प नावाची अमेरिकन कंपनी तोच प्रकार आजही नवा बनवते, सरळ यूएसबी लावायचं आणि टाइप करायचं. म्हणजे फीलची किंमत झाली त्या नव्या कीबोर्डएवढी. त्याच्यावर जे काही द्याल ते जुनेपणाचे, मागच्या लेबलचे, आठवणीचे पैसे. द्या की, मीही देतो, पण कशाचे देतोय ते माहीत पाहिजे ना. मॉडेल एमच्या मागच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती तुमच्या जन्मतारखेशी जुळली तर तुमच्यासाठी तो सोन्याचा, पण उद्या विकायला काढलात तर समोरच्याला त्याचं काय!

दुसरी चूक, फोटो बघून हुरळून जाणं. ही माझी स्वतःची. ॲपलचा 1987 चा एक्स्टेंडेड कीबोर्ड, आल्प्स स्विचवाला (आल्प्स या जपानी कंपनीचे स्विच, म्हणजे प्रत्येक कीखालचा दाबला जाणारा भाग), "यासारखा फील नाही" असं इतक्या वेळा वाचलं होतं की चकाचक फोटो दिसल्यावर मी विचारलंसुद्धा नाही की वापरून बघितलाय का. आला, कीकॅप (म्हणजे कीजवरच्या टोप्या) अगदी नव्यासारख्या, आणि पहिलीच की दाबली तर खर्र. काही कीज् मधेच अडकल्यासारख्या. आल्प्सच्या स्विचमध्ये एकदा धूळ शिरली की ती बाहेर काढणं म्हणजे एकेक स्विच उघडून पुसत बसणं, आणि एवढं करूनही तो पहिल्यासारखा स्मूथ होईलच असं नाही. मी जे मोजले ते फोटोचे मोजले. आता मी विकणाऱ्याला सांगतो की हळूहळू, कडेकडेने की दाबतानाचा आवाजासकट व्हिडिओ पाठवा. पाठवत नसेल तर मी दुरुस्तीचा धरूनच भाव लावतो.

उलट पिवळेपणाला लोक उगाच घाबरतात. पिवळी पडते ती बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकची केस, पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या कीकॅप फारशा बदलत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडने केस पांढरी करता येते, पण चट्टे पडू शकतात आणि रंग परत येऊ शकतो, त्यामुळे त्या भानगडीत न पडता सरळ भाव कमी करून घ्या.

मॉडेल एम हातात घेऊन बघायला मिळाला तर आधी हलवा. खुळखुळ वाजला तर आत प्लास्टिकच्या रिव्हेटचे तुकडे आहेत समजा. या रिव्हेट, म्हणजे खिळ्यासारख्या खुंट्या, आतल्या प्लेटला जागेवर धरून ठेवतात, वयाने तुटतात, आणि जास्त तुटल्या की कीज् नीट लागत नाहीत. इलाज आहे, सगळं उघडून त्या जागी भोकं पाडून स्क्रू बसवायचे, पण तो अख्खा रविवार तुमचा जातो, तो किंमतीत धरा. मॉडेल एफ, म्हणजे आयबीएमचाच मॉडेल एमच्या आधीचा कीबोर्ड, असेल तर आतला फोम भुगा झालेला असणारच असं धरून चाला.

मॉडेल एमची एखादीच की टाइप होत नसेल तर मात्र लगेच "खराब आहे" म्हणू नका. कीकॅप काढा, कीबोर्ड स्पेसबारची बाजू वर करून उभा धरा आणि कॅप परत बसवा. बऱ्याचदा स्प्रिंग फक्त नीट बसलेली नसते. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर तुमचा फायदा, सांगायचं की नाही ते तुमच्या मनावर.

आणि कनेक्टर! याकडे कोणी बघतच नाही. जुन्या आयबीएम एक्सटी कॉम्प्युटरचा मॉडेल एफ असो की ॲपलचा एडीबीवाला (एडीबी म्हणजे ॲपलचं जुनं कनेक्टर), आजच्या यूएसबीला लावायला नुसती पिन बदलणारा स्वस्त अडॅप्टर चालत नाही, सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो. पीएस/2 च्या, म्हणजे जुन्या गोल पिनच्या मॉडेल एमलाही यूएसबीसाठी तसाच लागतो. काही मॉडेल एम तर टर्मिनलसाठी (मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्क्रीनसाठी) बनवलेले असतात, त्यांची सिग्नल पाठवायची पद्धतच वेगळी. शिवाय विंडोज की नाही, वजन दोन किलोच्या आसपास, आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर रात्री टाइप करणं विसरा.

एक आकडा, कन्व्हर्टर आणि दुरुस्ती धरून, लिस्टिंग उघडायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा. नंतर लिहिलात तर तो लिस्टिंगचाच आकडा निघतो, मी करून बघितलंय.

तो ॲपलवाला सध्या कपाटात आहे, महिन्यातून एकदा काढून बघतो आणि परत ठेवतो. हे टाइप करतोय त्या मॉडेल एमची केस पिवळी, एक कॅप दुसऱ्याच कीबोर्डची, आणि कालपासून आत काहीतरी खुळखुळतंय.