आपल्या घराचा आकडा लिहून ठेवा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात हे आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. पण त्यांचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा बंधाऱ्यावर किती फूट पाणी झालं की ते आपल्या दाराशी येतं हे माहीत असतं. 2019 किंवा 2021 ला पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा आणि जिन्याजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारून आकडा लिहा. स्विचबोर्ड, मीटर, इन्व्हर्टर त्या रेघेच्या किमान दोन फूट वर. वायरिंग खालून न आणता छतावरून खाली उतरवून घ्या.

पूररेषेच्या सरकारी नकाशातली निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. ‘आत्ताच येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत’ असं मात्र नसतं हं! दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर.

आणि पाणी नेहमी दारातूनच येतं असं नाही. तळमजल्यावर ते आधी संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून उलटं वर येतं. त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पोती दाबून ठेवा. दाराशी पोती रचायची वेळ त्यानंतरची.

पूर ओसरल्यावर भिंती पूर्ण वाळेपर्यंत रंगाला हात लावू नका, पोपडे धरतात.