एआयला हाताशी धरून मंगलाष्टक कसं लिहावं

लग्नघरातून फोन येतो, "एआयकडून आठ कडवी काढून दे ना, पाच मिनिटांचं तर काम." पाच मिनिटांत जे निघतं ते वाचायला गोड असतं, पण गायला घेतलं की चाल मोडते. नाशिकमधल्या आमच्या नात्यागोत्यातल्या लग्नांची मंगलाष्टकं मी लिहिते. आता एआय वापरूनच लिहिते, पण त्याला कडवं लिहू देत नाही.

आधी साहित्य गोळा करा: वधूवरांची नावं, आईवडील, आजोळ, कुलदैवत, दोघांच्या एक-दोन खऱ्या गोष्टी. मुलाकडच्यांची पिंपळगावला द्राक्षबाग असेल तर गोडी छाटणीचे दिवस, घड भरण्याचे दिवस हे शब्दही टिपून ठेवा. एआय आपणहून 'हिरवागार निसर्ग' याच्यापुढे जात नाही. पत्ते आणि फोन नंबर मात्र त्याला देऊ नका.

मग कोणत्या कडव्यात काय येईल, याचा आराखडा एआयकडून काढून घ्या. हे काम ते छान करतं.

आता खरी अडचण. मंगलाष्टकाची रूढ चाल शार्दूलविक्रीडित या वृत्ताची आहे. ओळीत १९ अक्षरं, १२ अक्षरांनंतर यती, म्हणजे थांबा. लघु (ल) म्हणजे ऱ्हस्व अक्षर, गुरू (ग) म्हणजे दीर्घ किंवा अनुस्वाराचा उच्चार असलेलं अक्षर. त्यांचा क्रम असा:

ग ग ग ल ल ग ल ग ल ल ल ग / ग ग ल ग ग ल ग

कडव्याच्या अखेरच्या ओळीत शेवटची ७ अक्षरं म्हणजे 'कुर्यात् सदा मंगलम्'. 'शार्दूलविक्रीडित' हे नावही याच सातांत बसतं (ओळीच्या शेवटी 'त' लांबवून म्हणायचा), म्हणून चाल विसरली तर ते नावच गाऊन बघा.

'प्रॉम्प्ट नीट लिहा, वृत्ताचं नाव सांगा, नमुना द्या, की जमतं' हा सल्ला मला अनेकांनी दिला. तो चुकीचा आहे. नमुन्याने भाषा सुधारते, वृत्त नाही. पुतणीच्या लग्नात मी असाच विश्वास ठेवला. 'नाशिकच्या पावन भूमीवर जुळले दोन जीव आज' ही ओळ वृत्तात आहे, असं एआयने ठामपणे सांगितलं होतं. मोजून बघा: अक्षरं २०, आणि दुसऱ्याच जागी गुरू हवा तिथे 'शि' लघु. गंगापूर रोडवरच्या कार्यालयात मावशी त्या ओळीवर अडखळली, हातात अक्षता धरलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ते मला आजही लागतं.

असं का होतं? ही मॉडेलं मजकूर अक्षर-अक्षर वाचत नाहीत, त्याचे तुकडे करून वाचतात, आणि देवनागरीत असा तुकडा अक्षराच्या मधूनही पडतो. वर मराठीचे बारकावे आहेत. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर आघात आला की गुरू होतं, पण 'तुझ्या', 'पुन्हा' यांत आघात नाही, म्हणून 'तु' आणि 'पु' लघुच राहतात. हे कानाला कळतं. म्हणून 'ओळ बरोबर आहे का' हे एआयला कधीही विचारू नका. चौकटीच्या वहीत १९ घरं आखा आणि बोटाने मोजा.

एआयकडे ओळ मागू नका, शब्द मागा. 'आनंद, हर्ष या अर्थाचे तीस शब्द दे', 'नदीकाठासाठी जुने शब्द दे', 'सदा याच्याशी यमक जुळणारे शब्द दे'. त्यातले पंचवीस टाकून द्यावे लागतात, उरलेल्या पाचांत काम होतं. माझी एक ओळ अशीच जुळली:

गोदेच्या जवळी वसे नगर जे, आनंदले ते पुन्हा

नावं सगळ्यात आधी बसवा, बाकीची ओळ त्यांच्याभोवती विणा. प्रत्येक नावाच्या जागा ठरलेल्या असतात. 'राहुल' (ग ल ल) तिसऱ्या किंवा आठव्या अक्षरापासून, 'अनिकेत' (ल ल ग ल) फक्त चौथ्यापासून. 'सप्तशृंगी' (ग ल ग ग) यतीनंतरच बसते: 'ती सप्तशृंगी सदा'. आजोबांचं 'मधुकर' चार लघूंमुळे कुठेच बसत नाही, पण 'मधुकरा' अशी हाक मारली की यतीच्या अगदी आधी नेमकं बसतं. नाव ओढून-ताणून ऱ्हस्वदीर्घ करू नका, घरच्यांना ते खटकतं.

यती शब्दाच्या मधे येऊ देऊ नका. एआयच्या शब्दांतले 'दिव्य', 'पवित्र', 'अलौकिक' निम्मे कापा.

शेवटी मोठ्या टायपात छापा, प्रत्येक यतीवर लाल रेघ मारा आणि गाणाऱ्या मावशी-आत्याला कागद निदान आठवडाभर आधी द्या. ती जिथे अडखळेल ती ओळ बदला, मग वहीतल्या घरांत ती कितीही चोख बसलेली असो.