झडपांची खिडकी निवडताना या चुका टाळा

कॅटलॉगमधली खिडकी कुणाला पुसायची नसते, वाऱ्यात लावायची नसते. घरातली रोज उघडायची असते. म्हणून केसमेंट, म्हणजे बाजूला बिजागरी असलेली झडपांची खिडकी ठरवताना पहिला प्रश्न हाच: उघडलेली झडप जाते कुठे? बाहेर उघडणारी झडप जायच्या-यायच्या वाटेवर आली तर तिचा कोपरा कुणाच्या तरी कपाळाला लागणारच. आत उघडणारी असेल तर पडदा किंवा सिंकचा नळ आडवा येतो. झडपेच्या मापाचा पुठ्ठा कापा, एक कड चौकटीला धरून दारासारखा फिरवून बघा. लगेच कळतं.

बिजागरीची बाजूही कारागिरावर सोडू नका. बाहेर उघडलेली झडप वारा अडवते आणि आत वळवते. आतून पाहताना वारा भिंतीलगत डावीकडून येत असेल तर बिजागरी उजवीकडे हवी. उलट बसली, तर तीच झडप वाऱ्याला पाठ करून उभी राहते.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे अवाढव्य रुंद झडप. सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतं, आणि रुंदी वाढली की ओढही वाढते. चार फुटांच्या खिडकीला दोन झडपा करा.

झडप कडीच्या बाजूने खाली उतरून घासायला लागली, की लोक आधी रंधा मारून घेतात. थांबा. लाकडी असेल तर बिजागरीचे स्क्रू बघा, बहुतेक वेळा तेच सैल झालेले असतात. दमट हवेत फुगलेलं लाकूड तासलं, तर कोरड्या दिवसांत तिथेच फट पडते. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) झडपेत काचेच्या कडा आणि झडपेची चौकट यांच्यामध्ये बसवलेल्या पॅकिंगच्या पट्ट्या तपासून घ्या. खालच्या बिजागरीचा कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा वरचा कोपरा, इथे त्या घट्ट हव्यात, म्हणजे काचच झडपेला ताठ धरते.

चौकटीत पाणी साचतंय? खालच्या पट्टीतली बारीक छिद्रं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात. गळती समजून ती सिलिकॉनने बुजवू नका, काडीने साफ करा.

वरच्या मजल्यावर बाहेर उघडणारी झडप घेताना काचेची बाहेरची बाजू पुसायला हात पोहोचेल का, तेही बघा. बिजागरीकडे फट ठेवून सरकणारे फ्रिक्शन स्टे, म्हणजे बिजागरीच्या जागी झडप धरणारे सरकते दांडे मिळतात; त्या फटीतून हात बाहेर काढून काच पुसता येते. ते ऑर्डर देतानाच सांगा.