पियानो ट्रिओचा अल्बम रेकॉर्ड करताना: तिघं एकाच खोलीत

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स वेगवेगळ्या बूथमध्ये, म्हणजे आवाज अडवणाऱ्या छोट्या खोल्यांत बसवले तर मिक्सिंग सोपं होतं, पण वादकांना एकमेकांचा हात दिसत नाही आणि जॅझमधली देवाणघेवाण आटते. खोली चांगली असेल तर तिघांना एकत्रच बसवा. मग खरा प्रश्न उरतो लीकेजचा, म्हणजे ड्रम्सचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरण्याचा. त्याचा बंदोबस्त आधीच करावा लागतो. झांजांची सळसळ आणि पियानोच्या सुराची धार साधारण एकाच पट्ट्यात असतात. मिक्सिंगमध्ये एक कापायला गेलं की दुसरी बोथट होते.

कानाला नमुना हवा म्हणून जॅझ पियानोवादक विजय अय्यर यांचा 'ब्रेक स्टफ' ऐका. जून 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या अवतार स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला आणि 2015 मध्ये ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने काढला. बेसवर स्टीफन क्रम्प, ड्रम्सवर मार्कस गिलमोर, निर्माते मानफ्रेड आयशर. त्यातलं 'ब्लड काउंट' एकट्या पियानोवर आहे, 'हूड' तिघांचं. दोन्ही लागोपाठ ऐकून फक्त पियानोच्या वरच्या सप्तकाकडे लक्ष द्या.

आता मांडणी. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजवीकडे उघडतं. मैफलीत ड्रम्स त्याच बाजूला असतात, आणि सवयीने स्टुडिओतही तिथेच लावले जातात. हीच सर्वांत महागात पडणारी चूक. उघडं झाकण झांजांचा आवाज गोळा करून थेट तारांवरच्या माइकवर टाकतं. ड्रम्स पियानोवादकाच्या डावीकडे, बिजागरीच्या बाजूला ठेवा. तेच झाकण आडोसा होतं. मध्ये छातीइतक्या उंचीचे पडदे पुरतात. त्याहून उंच लावले तर नजरानजर तुटते.

पियानोला दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) कंडेन्सर माइक लावा: हातोड्यांच्या थोडे मागे, तारांपासून 20 ते 30 सेंटिमीटर वर, एकमेकांपासून अर्धा मीटर. लावल्यावर दोन्ही मोनोमध्ये, म्हणजे एकत्र मिसळून ऐका. खालचे सूर पोकळ वाटले तर फेज जुळत नाही, म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकमेकींना खोडतात; एक माइक थोडा सरकवा. लीकेजच्या भीतीने झाकण अर्धं मिटून वर ब्लँकेट टाकण्याचा मोह होतो. त्याने झांजा कमी होतात खऱ्या, पण 300 ते 500 हर्ट्‌झमध्ये डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. शेवटचा उपाय म्हणूनच ते करा.

मग ड्रमरला एकट्याला राइड झांज (लय धरून ठेवणारी मोठी झांज) वाजवायला सांगा आणि फक्त पियानोचे माइक ऐका. झांज समोर बसल्यासारखी वाटली तर काठी बदला, हलकी घ्या, किंवा ब्रश. ड्रमरने दोन पायऱ्या हळू आवाजात वाजवलं तर कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त फरक पडतो.

डबल बेसला एक माइक ब्रिजसमोर (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीसमोर) 20 सेंटिमीटरवर लावा, आणि पिकअपची (वाद्याचा कंप थेट पकडणाऱ्या उपकरणाची) लाइन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. माइक बेसच्या अंगावरच्या, आवाज बाहेर पडणाऱ्या खाचेत रोखला तर नुसती घुमघुम मिळते. पिकअपचा आवाज माइकच्या सुमारे अर्धा मिलिसेकंद आधी पोचतो (ध्वनी मिलिसेकंदाला 34 सेंटिमीटर जातो). पिकअपचा ट्रॅक तेवढा उशिरा सरकवा, नाहीतर दोन्ही मिळून बेस बारीक होतो.

पियानो सुरात लावणारा ट्यूनर रेकॉर्डिंगच्याच दिवशी सकाळी हवा, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा अर्धा तास. एसी आदल्या रात्रीपासून सुरू ठेवा आणि मध्येच बंद करू नका. मुंबईच्या पावसाळ्यात हे फारच जपावं लागतं: हवेतल्या ओलाव्याने साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी पाटी) फुगतो आणि मधल्या सप्तकांचे सूर चढतात. पेडलची कुरकुर आणि स्टुलाचा आवाजही आधीच शोधा.

रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झवर करा. सर्वांत जोरकस क्षणी पातळी उणे 10 डेसिबलच्या आसपास. वाजवताना कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) नको, लय श्वास घेणारी हवी. पण प्रत्येक टेकआधी (टेक म्हणजे रचना एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) मेट्रोनोमचा फक्त दिवा पाहून लय पक्की करा. नाहीतर दुसऱ्या टेकचा सोलो पहिल्यात जोडता येत नाही. एका रचनेचे तीन टेक पुरे; जमलं नाही तर पुढची घ्या आणि जेवणानंतर परत या. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, हेडफोनही काढायचा नाही.

एलपी काढायची असेल तर रचनांचा क्रम लावताना एका बाजूला 20-22 मिनिटंच धरा. त्याहून जास्त भरलं की खोबणी उथळ कापावी लागते, पातळी उतरते आणि हळुवार जागी खरखर वर येते.