भाजणीची चकली: दोष तळणीत नसतो, भाजणीत असतो

दिवाळीच्या फराळात चकली बिघडली की बहुतेक जण तेलाला किंवा सोऱ्याला दोष देतात. माझ्या अनुभवानुसार तेलात उतरण्यापूर्वीच चकलीचे भवितव्य बरेचसे ठरलेले असते. धान्य कसे वाळवले, किती भाजले, मोहन (पिठात घालायचे तेल किंवा लोणी) किती घातले आणि उकड किती वेळ झाकून ठेवली या चार गोष्टी नीट सांभाळल्या, तर तळणे हे केवळ सावकाशीचे काम उरते. म्हणून या लेखात भाजणीला अधिक जागा दिली आहे.

भाजणीचे प्रमाण घरोघरी थोडेफार वेगळे असते, परंतु ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ आणि १ वाटी उडीद डाळ हा पाया धरून चालावे. त्यात १ वाटी जाड पोहे, पाव वाटी साबुदाणा, अर्धी वाटी धणे आणि पाव वाटी जिरे घालावे. काही घरांत अर्धी वाटी मूग डाळही घालतात, आणि तीही चांगली लागते. तांदूळ जुना आणि मोकळा शिजणारा घ्यावा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी भातासाठी अप्रतिम आहे, पण तो चिकट असल्यामुळे भाजणीसाठी मी घेत नाही. साधा जाडा तांदूळ किंवा जुना कोलम बरा. थालीपिठाची भाजणी येथे वापरू नये. तिच्यात ज्वारी, बाजरी आणि गहू असतात, शिवाय ती किंचित रवाळ दळलेली असते, त्यामुळे तिची चकली सोऱ्यातून नीट पडत नाही.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन, पाणी पूर्ण निथळल्यावर सुती कापडावर पसरून घरातच सावलीत वाळवाव्यात. हाताला कोरडे लागले तरी दाण्याच्या आत ओल राहू शकते, म्हणून एक संपूर्ण दिवस आणि रात्र जाऊ द्यावी. ओलसर दाणा कढईत पडला की वरून लाल होतो आणि आतून कच्चा राहतो, आणि हा कच्चेपणा पुढे चकलीच्या चवीत उतरतो.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा घ्यावा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो. जाड बुडाची कढई आणि मंद आच ठेवावी, आणि हात थांबवू नये. तांदूळ हलका होऊन पांढरा दिसू लागला की उतरवावा. त्याला तांबूस रंग येऊ देऊ नये. हरभरा डाळीला सर्वांत जास्त वेळ लागतो: ती गुलाबीसर व्हावी आणि दाताखाली कटकन तुटावी. उडीद डाळीचा खमंग वास सुटला की ती झाली असे समजावे. पोहे चिमटीत चुरडले जाईपर्यंत आणि साबुदाणा किंचित फुलेपर्यंत भाजावा. धणे-जिरे मात्र नुसते गरम करून वास येताच काढावेत. हरभरा डाळ सोडली तर बाकीचे जिन्नस जास्त भाजण्यापेक्षा थोडे कमी भाजलेले चालतात, कारण पुढे तेलात त्यांना पुन्हा भाजायचेच असते. जास्त भाजलेल्या भाजणीची चकली काळपट होते आणि तिला कडवट चव येते, आणि ती नंतर सुधारता येत नाही.

सगळे जिन्नस पूर्ण गार झाल्यावर एकत्र करून गिरणीत बारीक दळून आणावेत आणि दळणाऱ्याला तांदळावर किंवा डाळीवर दळण्याची विनंती आधीच करून ठेवावी. एका वर्षी आमची भाजणी गव्हाच्या पाठोपाठ दळली गेली, आणि त्या वेळच्या चकल्या काही केल्या खुसखुशीत झाल्या नाहीत. ज्यांच्याजवळ गिरणी नाही, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांना, मिक्सरवर थोडे थोडे दळून बारीक चाळणीने चाळून घेता येते; चाळणीत उरलेला रवा पुन्हा दळावा, टाकून देऊ नये.

आता उकड. २ वाट्या भाजणीसाठी २ वाट्यांपेक्षा जरासे कमी पाणी उकळत ठेवावे. त्यात २ मोठे चमचे तेल किंवा घरचे लोणी, चवीप्रमाणे मीठ व तिखट, हिंग, थोडी हळद, २ लहान चमचे पांढरे तीळ आणि हातावर चुरडलेला अर्धा चमचा ओवा घालावा. पाण्याला खळखळून उकळी आली की आच बंद करून भाजणी घालावी, उलथन्याच्या दांड्याने ढवळावे आणि घट्ट झाकण लावून अर्धा तास ठेवावे. या अर्ध्या तासाची काटकसर करू नये. तांदूळ आणि डाळींच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने त्यातील पिष्ट फुगून पीठ बांधले जाते, आणि त्याच बळावर चकली तेलात एकसंध राहते.

अर्ध्या तासानंतर उकड कोमट असतानाच परातीत घेऊन कोमट पाण्याचा हात लावत भरपूर मळावी. सगळी एकदम मऊ करून ठेवण्याऐवजी सोऱ्यात मावेल तेवढा गोळा दर वेळी नव्याने मळावा आणि बाकीची झाकून ठेवावी. पीठ कोरडे असेल तर पाडताना चकलीचे तुकडे पडतात, आणि फार सैल असेल तर काटे दबतात. सोऱ्याला आतून तेलाचा हात लावून चांदणीची चकती बसवावी आणि कागदावर किंवा प्लास्टिकवर तीन-चार वेढ्यांच्या चकल्या पाडून शेवटचे टोक बोटाने हलकेच चिकटवावे.

सगळ्या पाडण्याआधी एकच चकली तळून पाहावी, आणि हा नियम मी कधीही मोडत नाही. तेलात ती विरघळू लागली तर मोहन जास्त झाले आहे, म्हणून पिठात थोडी कोरडी भाजणी आणि कोमट पाणी मिसळून पुन्हा मळावे. गार झाल्यावर ती दगडासारखी लागली तर मोहन कमी पडले आहे. अशा वेळी चमचाभर कडकडीत तेल पिठात घालून चमच्याने कालवावे आणि हाताला सोसेल इतके निवल्यावर मळावे.

तेल तापले की त्यात पिठाचा लहानसा तुकडा टाकावा. तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल योग्य तापले आहे. तुकडा लगेच वर येऊन लाल झाला तर आच कमी करावी, आणि तळाशीच बसून राहिला तर थांबावे, कारण थंड तेलात चकली तेल पिते. चकल्या सोडल्यावर त्यांचा पृष्ठभाग घट्ट होईपर्यंत झाऱ्याने हलवू नयेत. मग मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तळाव्यात. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आतले पाणी निघून गेले, आणि चकली काढण्याची खरी खूण हीच आहे. रंग पाहून काढलेली चकली दोन दिवसांत मऊ पडते.

काढलेल्या चकल्या चाळणीत उभ्या ठेवून तेल निथळू द्यावे आणि त्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. कोमट चकली डब्यात गेली की तिचीच वाफ तिला मऊ करते. तशा मऊ पडल्याच तर मंद तेलातून एकदा पुन्हा काढून घ्याव्यात; बुडबुडे थांबले की त्या पुन्हा कुरकुरीत झालेल्या असतात.