एकाच पत्र्याच्या शेडात गाया आणि ट्रॅक्टर ठेवायचाय? मग ही यादी

अर्थिंग, म्हणजे लोखंडात उतरलेला करंट पट्टीने जमिनीत सोडायची सोय. बाकीचं सगळं नंतर, आधी हा एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण मी मागच्या वेळी तो लिहिलाच नव्हता. धाकट्या साडूचं शेड या उन्हाळ्यात उभं राहणारे, ६० बाय २५ फूट, एका बाजूला गाया आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर-अवजारं, आणि तो रोज रात्री जेवण झालं की फोन करून एकेक गोष्ट विचारतो. रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, ज्याला पाहिजे त्याने घ्या.

आमचं काय झालं ते आधी. संगमनेर तालुका, घरटी एचएफ (होल्स्टिन) गाया, घरटी चारा कापायचं कुट्टी मशीन, आणि शेडं पण सगळ्यांची सारखीच, लोखंडी खांब, वर कैच्या (छताचे लोखंडी त्रिकोण), वर पत्रा. अर्थिंगचा विषय एकदा निघाला होता, तर फॅब्रिकेटर म्हणाला खांब अडीच फूट जमिनीत गाडलेत की, अजून काय अर्थिंग पाहिजे. मला पटलं, पैसेही संपत आले होते, आणि मी तो विषय विसरून गेलो. कुट्टीच्या मोटारीची केबल मीच बाइंडिंग तारेने अँगलला बांधली. रोजच्या हादऱ्याने तार केबलमध्ये रुतत गेली. पुढच्या पावसाळ्यात गाया हौदाकडे यायच्या, तोंड लावायच्या आणि झटक्यात मागे सरकायच्या. कधी प्यायच्या, कधी नाही. थ्री फेज लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, म्हणजे लाईट नसली की गाय पोटभर पिणार आणि असली की हौदापासून लांब उभी राहणार, पण हा मेळ तेव्हा कुणाच्या डोक्यात येतोय. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, लाळ्या-खुरकुताचा फोड नाही, ताप नाही. मला तर काहीच जाणवत नव्हतं कारण माझ्या पायात गमबूट. आई एक दिवस अनवाणी शेण काढायला आली आणि म्हणाली खांबाला हात लावला की मुंग्या येतात. मी म्हणालो तुझी शुगर वाढली असेल. चार दिवसांनी रात्रभर पाऊस झाला, रात्रीची लाईट होती, आणि सकाळी सहा महिने गाभण असलेली कालवड दावणीला साखळीसकट पडलेली. वायरमनने खांबाला टेस्टर लावला तर तो लख्ख पेटला, केबलमध्ये रुतलेल्या त्या तारेतून करंट सगळ्या लोखंडात उतरला होता.

खांब जमिनीत आहेत म्हणजे अर्थिंग झालं, हे डोक्यातून काढा. मातीशी त्या खांबांचा रोध समजा ५० ओहम आहे, तर २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाणार, आणि मोटारीचा फ्यूज १६ अँपिअरचा, तो कशाला उडेल? तो उडत नाही, मोटारही मजेत चालते, आणि आख्खं शेड, खांब, गव्हाणीचा पाइप, साखळी, सगळ्यात करंट खेळत राहतो. पत्र्याच्या शेडात मशीन आणि जनावर एकत्र ठेवायचं म्हणजे हे असं आहे, मशीनमध्ये बिघाड झाला की तो लोखंडातून थेट गाईच्या गळ्यात. त्यात गाय ओल्या कोब्यावर चार पायांवर उभी, पुढच्या मागच्या पायात चार-पाच फूट अंतर, आणि मध्ये काळीज. माणसाला जे कळतही नाही त्या तीन-चार व्होल्टलाही गाय दचकते.

आता यादी. जागा उंचवट्यावरची, हे सांगायला नको. मापाचं मात्र सांगतो. मोठ्या गाईला छताखाली साधारण ४० चौरस फूट धरा आणि बाहेर मोकळं फिरायला त्याच्या दुप्पट. रोजगार हमीतून जो गोठा मिळतो तो सहा जनावरांना ७.७० बाय ३.५० मीटरचा असतो, त्यात गाया बसतात, ट्रॅक्टर नाही, आणि लोक तिथेच ट्रॉली घुसवतात. ट्रॅक्टर बारा फूट लांब धरा, मागे रोटाव्हेटर लावलेला असला की अजून चार फूट, आणि वळायला जागा बाहेर पाहिजे, आत नाही. गेट १२ फूट रुंद, त्याहून कमी केलंत तर पहिल्याच महिन्यात खांब वाकवाल. मशीनची बाजू पश्चिमेला घ्या. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, ते ट्रॅक्टरने खाऊ दे, गाईने कशाला. आणि ट्रॅक्टरचं तोंड बाहेर करून लावा, आत चालू करून तापवत बसायचा नाही, तो धूर गाईच्या नाकात जातो.

मधली भिंत. लोक कमरेएवढी बांधतात आणि सोडून देतात. गोठ्यातली वाफ आणि शेणामुताचा अमोनिया वरून जातोच ना पलीकडे. पाच फूट विटांची आणि तिथून पुढे कैचीपर्यंत पत्रा मारा, पूर्ण बंद. आमच्या पेरणी यंत्राच्या चकत्या एका हिवाळ्यात लाल झाल्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवा थर. मशीनची बाजू सहा इंच उंच ठेवा म्हणजे गोठा धुतलेलं पाणी तिकडे येणार नाही.

कोब्याला उतार दर चार फुटाला एक इंच, नालीकडे. गवंडी नेहमी कमी देतो, स्वतः पाणी ओतून बघा, वाहिलं नाही तर उखडायला लावा. वरून रेघा मारून घ्या नाहीतर गाय घसरते. खांबाचं बूड हा दुसरा घोळ, मूत थेट लोखंडावर उडतं आणि दोन-तीन वर्षांत तळातून पापुद्रे सुटायला लागतात. प्रत्येक खांबाभोवती जमिनीपासून दीड फूट उंच काँक्रीटचा ओटा करा, रेड ऑक्साइड आधी, मग वरचा रंग. नुसत्या चांदी कलरने काही होत नाही.

आणि तो ओटा ओतायच्या आधी, आधी म्हणतोय, नंतर नाही, अर्थिंगची पट्टी खांबाला वेल्ड करून घ्या. ओटा झाल्यावर पट्टीला जागा शोधत फिराल. २५ बाय ३ मिलीमीटरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पट्टी, निदान दोन कोपऱ्यांतल्या खांबांना, आणि तीच पट्टी गव्हाणीच्या पाइपला, पाण्याच्या लोखंडी लाइनला आणि मोटारीच्या बॉडीला जोडलेली. सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं पाहिजे, एक सुटं राहिलं तर तेच चावणार. खड्डा शेडाबाहेर, जिथे जनावर फिरत नाही अशा जागी, आठ-दहा फुटांचा रॉड किंवा पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा ती तयार पावडर, आणि खड्ड्याभोवती चार दगड लावून ठेवा, कारण फॉल्ट आला की त्या खड्ड्याजवळच्या जमिनीतही करंट असतो. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं. वायरमनला म्हणावं मीटर लावून रोध दाखव, पाच ओहमच्या आत आला पाहिजे. पैसे मीटर बघितल्यावर.

एवढ्यावर थांबू नका. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाईन तोडणारा खटका, थ्री फेजला चार पोलचा, लाईट-पंख्याला दोन पोलचा. दुकानदार एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा खटका, हातात देईल आणि म्हणेल एकच आहे. एकच नाही. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी जीव वाचवतो. अर्थिंग आहे म्हणून आरसीसीबी नको असंही नाही आणि उलटंही नाही, दोन्ही पाहिजेत. केबल पाइपातून घ्या, अँगलला तारेने बांधू नका, मी बांधली होती.

खत-औषधं. शेड मोठं दिसलं की घरचे युरियाच्या गोण्या तिथेच आणून टाकतात. गाय मोकळी सुटली की गोणी चाटते, आणि युरिया पोटात जास्त गेला की तासाभरात पोट फुगून थरथरायला लागते, डॉक्टर पोहोचायच्या आत खेळ संपतो. जुनी बॅटरी तर अजिबात आत नको, गुरं ती चाटतात आणि शिशाची विषबाधा होते, हे कुणालाच खरं वाटत नाही. कुलपाचं कपाट करा, मशीनच्या बाजूला, विषय संपला. डिझेलचा कॅनही तिथेच. कडबा आणि भुसा मात्र दोन्ही बाजूंना नको, वेगळी गंज लावा, गरम सायलेन्सर आणि भुसा शेजारी-शेजारी ठेवणारे लोक मी बघितलेत.

शेड पूर्ण झालं की गाया आणायची घाई करू नका. वेल्डिंगचे तुकडे, स्क्रू, तारा सगळ्या जागेत सांडलेल्या असतात, आणि गाय चाऱ्याबरोबर लोखंड गिळते, निवडत बसत नाही. तार जाळीपोटातून काळजापर्यंत घुसते. जुन्या स्पीकरचं मोठं चुंबक दोरीला बांधून सगळ्या कोब्यावरून आणि भोवतालच्या मुरमावरून दोनदा फिरवा. साडूला हे सांगितलं तर हसला. आमच्याकडे पाऊण किलो निघालं होतं.

पत्रा. बाजूची उंची दहा-बारा फूट, मध्ये पंधरा, वर मधोमध वाफ जायला फट. उन्हाळ्याआधी वरून चुना मारा, खालची गाय जरा कमी धापा टाकते. पाचट टाकू नका, खाली वेल्डिंग मशीन आहे. पत्रा धरणारे जे-हुक वळवाच्या आधी एकदा आवळून घ्या, मे महिन्यातला वारा पत्रा अलगद नाही उचलत. पन्हाळ लावा. मूत साठवायला टाकी. उंदरांसाठी मांजर, औषध नको.

गोचीड, रबर मॅट, फॉगर, ते तुमचं तुम्ही बघा, त्याच्यावर सगळेच बोलतात.

पहिल्या दिवशी गाया बांधायच्या आधी एक करा. थ्री फेज असताना कुट्टी चालू करा, पंखे चालू करा, कोबा भिजवा आणि मल्टिमीटरची एक पिन खांबाला, दुसरी पाच-सहा फुटांवर ओल्या जमिनीत खोचलेल्या खिळ्याला लावा. मग पिन बदलून गव्हाणीच्या पाइपला, मग हौदाला. एक व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर गाया आणायच्या नाहीत, शेजाऱ्याच्या गोठ्यात राहू द्या अजून चार दिवस. आणि घरातल्या कुणी सांगितलं की हाताला मुंग्या येतात तर शुगर तपासायला पाठवू नका, आधी मेन स्विच पाडा.

आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं, ते दाबलं की खटका पडला पाहिजे. महिन्यातून एकदा तरी दाबायचं. महिना लक्षात राहत नाही, म्हणून आमच्याकडे दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल आलं की मी दाबतो. आज आलंय, निघतो.