देणगीदार शेजारच्या संस्थांच्या अहवालात सापडले

आमच्या मुलांच्या वाचनालयासाठी दोन वर्षं मी दूरच्या, मोठ्या फाउंडेशनांना अर्ज पाठवत राहिले. सगळीकडून नकार. मग परिसरातल्या, आमच्याएवढ्याच संस्थांचे वार्षिक अहवाल मागून आणले आणि शेवटच्या पानांवरच्या देणगीदारांच्या याद्या वहीत उतरवल्या. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येत होती. त्यांतला एक कौटुंबिक ट्रस्ट तर आम्ही कधी ऐकलाही नव्हता! त्यांनी आधी कुणाला किती दिलं ते पाहून मागणी तेवढीच ठेवली. अर्जाआधी फोन मात्र जरूर करा. ‘पगाराला नाही, पुस्तकांना देतो,’ हे मला त्या ट्रस्टशी फोनवर बोलतानाच कळलं. त्याप्रमाणे अंदाजपत्रक बदललं, लेखापरीक्षित हिशेब जोडले. तिसऱ्या महिन्यात पहिलं अनुदान मंजूर झालं.